भुतांना त्यांची रात्र परत देताना



भुसावळला रॉबर्ट गिल या चित्रकाराची कबर आहे. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याला आला तो भित्तिचित्रांच्या नकला काढायला, आणि पुढे वर्षानुवर्षं त्या अंधाऱ्या लेण्यांतच रमला. मोठाल्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवलेल्या त्याच्या नकला लंडनला रवाना झाल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांपुढे मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत चार-पाच वगळता सगळ्या भस्मसात झाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत त्यांनी हेच काम नव्याने केलं. त्यातल्याही शंभराहून अधिक नकला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला १८८५ साली लागलेल्या आगीत गेल्या.

मग उरलं काय? गिलने टिपलेली छायाचित्रं उरली. १८६४ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती, स्टिरिओस्कोपच्या जोडभिंगातून घरबसल्या बघण्यासाठी. आणि उरले ग्रिफिथ्स यांचे १८९६-९७ मध्ये छापले गेलेले दोन खंड. एका छपराखाली जपलेलं जळालं, घरोघरी आणि ग्रंथालयांत पांगलेलं टिकलं.

अजिंठ्याने आणखी एक धडा दिला आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लॉरेन्झो चेक्कोनी आणि ऑर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला. हे काम झालं नसतं तर चित्रांचे पोपडे खाली आले असते. पण रंग उजळ दिसावेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं. ते रोगण पिवळं पडत गेलं, धूळ-काजळी धरत गेलं, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते मोठ्या कष्टाने उतरवावं लागलं. वाचवण्याच्या भरात आपलं काही कायमचं लादून ठेवायचं नाही, हे जळगावपासून दोन तासांच्या अंतरावरची ही लेणी शिकवतात.

इटालियन तज्ज्ञ अजिंठ्याला काम करत होते नेमक्या त्याच दोन-तीन वर्षांत जगाच्या पाठीवर भीतीची एक नवी कला जन्माला येत होती. फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनमध्ये रॉबर्ट वीनचा ‘डॉ. कॅलिगारी’ पडद्यावर आला. त्याच महिन्यात पुण्याच्या आर्यन सिनेमात बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ लागला. मार्च १९२२ मध्ये फ्रीडरिश मुर्नाऊचा ‘नोस्फेराटू’ आला आणि त्याच वर्षी बेंजामिन क्रिस्टेन्सनचा ‘हेक्सन’. यातले तीन युरोपीय चित्रपट आज जळगावच्या एखाद्या घरात, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, शंभर वर्षांपूर्वीच्या स्पष्टतेने बघता येतात. ‘सैरंध्री’ कुठेच बघता येत नाही. आजचं व्याख्यान आहे ते या फरकाविषयी.

मूकपटांची हानी किती झाली, ते आधी पाहू. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथे बनलेल्या सुमारे ११ हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी जवळजवळ ७० टक्के कायमचे नाहीसे झाले आहेत. आपल्याकडे तेराशेवर मूकपट बनले. त्यातले तीसदेखील हाती नाहीत आणि जे आहेत त्यातले कित्येक नुसते तुकडे आहेत. बोलपट आल्यावर मूकपटाला बाजारात किंमत उरली नाही. रिळांच्या लेपात चांदी होती, तिला मात्र किंमत होती. म्हणून रिळं धुतली गेली, चांदी काढून घेतली गेली आणि पट्टी भंगारात गेली. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा, तोही आज अस्तित्वात नाही.

बाकीचं काम नायट्रेटने केलं. साधारण १९५० पर्यंतची सिनेमागृहातली फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. तिच्यावरचं चित्र चांदीच्या पाण्यासारखं झळाळतं, पण तिचा स्वभाव स्फोटकाचा. ती एकदा पेटली की विझत नाही, कारण ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन तिच्याच पोटात असतो, पाण्याखालीसुद्धा ती जळत राहते. पेटली नाही तर सडते. आधी चित्र तपकिरी होऊन विरायला लागतं, मग पट्टी चिकट होते, मग वेटोळ्यावर मधासारखा फेस धरतो, पुढे सगळं रीळ एकजीव होऊन दगडासारखं घट्ट बसतं आणि शेवटी डब्यात उरते ती गंजासारखी भुकटी. उष्णता आणि दमट हवा ही सड वेगाने वाढवतात. नायट्रेट नीट ठेवायचं तर कोरडी हवा आणि गोठणबिंदूच्या जवळपासचं तापमान लागतं. जिथे वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या भुसावळ-जळगावच्या एखाद्या माळ्यावर पडलेल्या रिळाचं काय होत असेल, हे खानदेशी माणसाला वेगळं सांगायला नको.

पुण्यालाही याची झळ बसली. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या भांडाराला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गेला. त्यातल्या बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून ठेवलेल्या होत्या, म्हणून ते चित्रपट तरी राहिले.

आता ‘नोस्फेराटू’कडे वळू, कारण या चित्रपटाच्या वाट्याला आगीच्या आधी न्यायालय आलं. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर तो बेतला होता आणि प्राना-फिल्म या छोट्या जर्मन कंपनीने परवानगी घेतली नव्हती. नावं बदलली, ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक केला, तेवढ्याने भागलं नाही. स्टोकरच्या विधवा पत्नी फ्लोरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५ साली सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. तोवर काही प्रती देशाबाहेर गेल्या होत्या. फ्रान्समध्ये एक, इतरत्र काही. प्रत्येक देशात दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या तिथल्या भाषेत जोडल्या गेल्या, दृश्यं पुढेमागे झाली, काही प्रतींत तर ऑरलॉकचा पुन्हा ड्रॅक्युला झाला. पुढची साठ वर्षं जगाने पाहिला तो या तुकड्यांचा, झिजलेला, काळापांढरा ‘नोस्फेराटू’.

या काळ्यापांढऱ्या प्रतीत एक विचित्र गोष्ट घडत असे. ऑरलॉक आपली शवपेटी काखोटीला मारून गावात शिरतो, हे चित्रपटातलं एक गाजलेलं दृश्य. गोष्टीत ही रात्र आहे. पण १९२१ मध्ये रात्री बाहेर चित्रण करण्याएवढी संवेदनशील फिल्म नव्हती, त्यामुळे मुर्नाऊने विस्मार शहराच्या गल्ल्यांमध्ये ते भर दिवसा टिपलं आणि प्रतीची पट्टीच निळ्या रंगात बुडवली. निळा म्हणजे रात्र, पिवळा म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट, ही त्या काळच्या प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेली खूण होती. नंतर काळ्यापांढऱ्या फिल्मवर नकला निघाल्या तेव्हा हा रंग गळाला. परिणाम असा, की सूर्याच्या पहिल्या किरणाने ज्याचा अंत व्हायचा ते पिशाच्च टळटळीत उन्हात, भिंतीवर स्वतःची सावली पाडत फिरताना दिसे. गोष्टीचा कणाच मोडला होता.

१९८० च्या दशकात एन्नो पाटालास यांनी आणि नंतर लुसियानो बेरियातुआ यांनी जगभरातल्या प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या. पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट संग्रहालयात १९२२ सालची, रंगछटा शाबूत असलेली एक प्रत होती. तिला पाया धरून, तिच्यात नसलेली दृश्यं दुसऱ्या प्रतींतून घेऊन, जर्मन पाट्या मूळ वळणात परत बसवून मुर्नाऊ प्रतिष्ठानाने २००६ च्या सुमारास जी आवृत्ती सिद्ध केली तीच आज डीव्हीडी आणि ब्लू-रेवर मिळते. त्या आवृत्तीत ऑरलॉकला त्याची रात्र परत मिळाली. हान्स एर्डमानच्या मूळ संगीताची पानंही बरीचशी हरवली होती, तीही जुळवून नव्याने वाजवली गेली.

‘कॅलिगारी’ची गोष्ट याहून सुखाची. त्याचं मूळ कॅमेरा निगेटिव्हच जर्मनीच्या संघीय अभिलेखागारात होतं, फक्त पहिलं रीळ नव्हतं. बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ते अतिसूक्ष्म स्कॅन झालं, पहिल्या रिळाची जागा इतर प्रतींनी भरली, रंगछटा लॅटिन अमेरिकेत सापडलेल्या जुन्या प्रतींवरून ठरवल्या, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात ही आवृत्ती दाखवली गेली. या चित्रपटाचं नेपथ्य कापडावर रंगवलेलं आहे. वाकड्या खिडक्या, तिरकी धुराडी, आणि प्रकाश-सावल्यासुद्धा कुंचल्याने काढलेल्या. पूर्वीच्या धूसर प्रतींत हे सगळं एखाद्या धुक्यातल्या स्वप्नासारखं दिसे. नव्या आवृत्तीत कुंचल्याचे फटकारे दिसतात, झोपेत चालणाऱ्या सेझारेच्या डोळ्यांभोवतीचं काजळ दिसतं, कापडाची वीण दिसते. हर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर र्योरिग या तीन चित्रकारांचं काम पहिल्यांदा चित्रकाराचं काम म्हणून डोळ्यांत भरतं.

हे होतं कसं, तेही थोडं जवळून पाहायला हवं. रीळ आलं की आधी यंत्राला लावत नाहीत. टेबलावर, हातमोजे घालून, दोन्ही हातांनी हळूहळू गुंडाळत फूट न् फूट तपासतात. कडेची फाटलेली छिद्रं एकेक करून पारदर्शक पट्टीने सांधतात. जुने जोड उकलले असतील तर नव्याने बसवतात. सुकून आखडलेली फिल्म सामान्य यंत्रावर दातऱ्यांत अडकून फाटेल, म्हणून तिच्यासाठी दाते नसलेलं स्कॅनर असतं. ओरखडे असतील तर स्कॅन करताना फिल्म एका द्रवातून नेतात. तो द्रव ओरखड्याच्या खाचेत भरतो, प्रकाश वाकडा न होता सरळ पार जातो आणि ओरखडा पडद्यावरून नाहीसा होतो. पुढचं काम संगणकावर. धूळ, डाग, लखलखाट, हलणारी चौकट. इथेच चेक्कोनीचं रोगण पुन्हा मोहात पाडतं. फिल्मचे नैसर्गिक कण पुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत करता येतात, रंग भरता येतात, हरवलेली दृश्यं यंत्राकडून नवी रचून घेता येतात. जाणता संपादक तिथे हात आवरतो. गतीचंही तसंच. मूकपट बहुधा हाताने हँडल फिरवून टिपले जात, सेकंदाला सोळा ते वीस चौकटी. बोलपटाच्या चोवीस चौकटींच्या यंत्रावर तेच चित्र पळत सुटतं. आपल्याला वाटतं, जुन्या काळच्या नटांना चालता येत नव्हतं. चालता येत होतं, आपण त्यांना पळवत होतो. भयपटात हा दोष जीवघेणा ठरतो, कारण भीती नेहमी सावकाश येते.

आता घरी बघण्याविषयी. चित्रपट सिनेमागृहातच पाहावा, टीव्हीवर त्याचं मोल कमी होतं, असं मानणारा एक मोठा वर्ग आहे. त्यांच्यापुढे ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ ठेवायला हवा. युनिव्हर्सल कंपनीचा हा चित्रपट १९२५ चा, लॉन चेनी त्यात विद्रूप चेहऱ्याचा संगीतवेडा झाला आहे. पुढे कंपनीने ध्वनी जोडून तो कापला-बदलला आणि त्याची बोलकी आवृत्ती बाजारात आणली. मूळ १९२५ ची आवृत्ती टिकली ती कशात? घरी, शाळांत, मंडळांत लहान यंत्रावर दाखवायला भाड्याने मिळणाऱ्या १६ मिलिमीटरच्या प्रतींत. मोठ्या पडद्याच्या ३५ मिलिमीटर प्रती गेल्या, घरगुती प्रती राहिल्या. याच चेनीचा ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ मात्र एमजीएम कंपनीच्या एकाच भांडारात उरला होता. १९६५ च्या आगीत तो गेला. २००२ साली उरलेल्या स्थिरचित्रांवरून त्याची कथा तेवढी पडद्यावर मांडता आली, आणि ती स्थिरचित्रांची मांडणी आहे हे प्रेक्षकाला स्पष्ट सांगितलं गेलं.

गिलची जोडभिंगाची छायाचित्रं आणि ‘फँटम’ची १६ मिलिमीटरची प्रत, दोन्ही एकच सांगतात: घरोघरी गेलेली प्रत हाच सर्वांत भरवशाचा विमा आहे. मूकपटाची डागडुजी करून तो पुन्हा तळघरात ठेवला तर काम अर्धंच राहतं.

धुळ्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं मठामठांतून गोळा केली ती कपाटात कुलूपबंद ठेवायला नव्हे. कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगावच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापून लोकांच्या हाती दिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावचे कागद जमवत फिरले आणि १८९८ पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं खंडामागून खंड छापली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि काही दिवसांतच तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. दोन पोथ्यांत पाठ वेगळा आला तर कोणता धरायचा, दुसरा कुठे नोंदवायचा, गळालेली ओवी कोणत्या प्रतीतून घ्यायची, हे प्रश्न धुळ्यात शंभर वर्षांपूर्वी चर्चिले जात होते. बर्लिन-बोलोन्याचे फिल्मतज्ज्ञ आज तेच करतात. फरक एवढाच, की त्यांच्या पोथीचं पान सेकंदाला अठरा वेळा उलटतं. पाठभेदाची तळटीप जशी प्रामाणिक आवृत्तीत असते, तशीच चांगल्या डिस्कसोबत पुस्तिका असते. कुठलं दृश्य कुठल्या प्रतीतून घेतलं, कुठली पाटी नव्याने लिहिली, संगीत मूळचं की आजचं, हे तीत लिहिलेलं असतं. ज्या आवृत्तीत ही माहिती नाही, ती विकत घेताना प्रेक्षकाने दहादा विचार करावा.

मराठी मुलखातल्या मूकपटांकडे या नजरेने पाहिलं की अभिमान वाटतो आणि जीवही तुटतो. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी आपलं आयुष्य तिथे वेचलं. दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालियामर्दन’चे विस्कळीत तुकडे फाळके कुटुंबीयांकडून मिळाले, तेव्हा फाळक्यांच्याच हस्तलिखित नोंदींच्या आधाराने नायर यांनी त्यांचा क्रम लावला. १९१९ च्या या चित्रपटात फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यापुढे राग, हसू, रडू असे एकामागून एक भाव दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. यमुनेच्या डोहातली कालियाशी झुंज पाहताना नाशिकच्या त्या माणसाची यंत्रविद्या थक्क करते. ‘राजा हरिश्चंद्र’ची मात्र पहिली आणि शेवटची एवढीच रिळं उरली, आणि तीसुद्धा १९१३ च्या मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनी नंतर पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

आणि ‘सैरंध्री’. मराठी माणसाने केलेल्या भयदृश्याचा पहिला मान त्याला द्यायला हवा. कोल्हापुरात स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने बाबूराव पेंटरांनी तो टिपला. बाळासाहेब यादवांचा भीम झुंझारराव पवारांच्या कीचकाचा वध करतो, ते दृश्य इतकं भीषण वठलं होतं की प्रेक्षक किंचाळत, आणि शेवटी ते काढून टाकावं लागलं. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमाकेसरी’ म्हटलं ते याच चित्रपटावरून. त्याच महिन्यात बर्लिनला लागलेल्या ‘कॅलिगारी’तला कुंचल्याचा फटकारा आज मोजता येतो. कोल्हापूरच्या चित्रपटातला कीचक फक्त आठवणींच्या पुस्तकांत मरतो.

तरीही आशेला जागा आहे, कारण चित्रपट परदेशांतून परत येतात. कोलकात्याच्या १९१९ सालच्या ‘बिल्वमंगल’चे तुकडे पॅरिसच्या सिनेमातेकमधून २०१६ साली पुण्याला मिळाले. हिमांशु राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचा १९२८ चा ‘शिराझ’ ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने सुधारून २०१७ साली अनुष्का शंकर यांच्या नव्या संगीतासह दाखवला आणि लगोलग डिस्कवरही आणला. ताजमहालाची ही कथा भारतीय घरांत परत आली ती लंडनमार्गे. फाळके आणि पेंटर यांचं जे काही उरलं आहे, ते इतक्याच निगुतीने, मराठी पाट्यांसह, पुस्तिकेसह, चांगल्या संगीतासह मराठी घरांत पोचावं ही मागणी मोठी नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेमुळे पुण्यात स्कॅनर आहेत, माणसं आहेत, अनुभव आहे. मागणी करणारा प्रेक्षक मात्र हवा.

मूकपट घरोघरी पोचावेत या मागणीचं खानदेशाला एक खास कारण आहे, आणि ते ‘हेक्सन’मध्ये सापडतं. क्रिस्टेन्सन हा डॅनिश दिग्दर्शक. चेटकीण ठरवून मारल्या गेलेल्या युरोपातल्या बायकांविषयी त्याने जुने ग्रंथ धुंडाळले आणि स्वीडनच्या पैशावर सात भागांचा चित्रपट केला. पहिला भाग चक्क व्याख्यान आहे, जुन्या चित्रांवर काडी ठेवून समजावून सांगितलेलं. पुढे सैतान येतो, तो स्वतः क्रिस्टेन्सनच. पण अंगावर काटा येतो तो सैतानामुळे नव्हे. घरातला पुरुष आजारी पडतो, आणि दारोदार फिरणाऱ्या मारिया या म्हातारीने करणी केली असा संशय घरातल्या बायका घेतात. तिला धरून नेतात. पांढरे केस, बोळकं तोंड, सुरकुत्यांनी भरलेला चेहरा पडदाभर येतो. यातना असह्य झाल्यावर ती म्हातारी वाटेल ते कबूल करते आणि ज्यांनी तिला धरून दिलं त्याच घरातल्या बायकांची नावं घेते. मग त्याही एकेक करून धरल्या जातात.

सातपुड्याच्या पाड्यांमध्ये ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या धुळे-नंदुरबारच्या वाचकांनी अनेकदा वाचल्या आहेत. तिथेही आजारी मूल असतं, मेलेलं जनावर असतं, जमिनीचा वाद असतो, आणि एकटी म्हातारी असते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा गुन्ह्यानंतर येतो. त्याआधी मनात काय घडतं, संशय घराघरांतून कसा सरकतो, हे १९२२ चा एक मुका चित्रपट एका म्हाताऱ्या चेहऱ्यावर दाखवतो. १९६८ साली तो कापून, विल्यम बरोज या लेखकाचं निवेदन आणि जॅझ संगीत जोडून पुन्हा फिरवला गेला होता. आज स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटने मूळ रंगछटांसह सुधारलेली पूर्ण आवृत्ती उपलब्ध आहे. ती बघितली तरच मारियाचा चेहरा हवा तितका वेळ आपल्याकडे बघत राहतो.

मूकपट परक्या भाषेतून आपल्या भाषेत आणायला डबिंग लागत नाही. पाट्या बदलल्या की झालं. त्या काळी हेच होत असे, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना शेजारचा पाटी वाचून दाखवी. आजही कुणी मराठी पाट्या लिहील, कुणी अहिराणीत मोठ्याने सांगेल, कुणी संबळ-ढोलकीची साथ धरेल. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे फाळक्यांपासून मुर्नाऊपर्यंतचे मूळ मूकपट आता सर्वांचे आहेत. नव्याने रचलेल्या संगीतावर मात्र त्या संगीतकाराचा हक्क असतो आणि सुधारित आवृत्ती जाहीरपणे दाखवायची तर संबंधित संस्थेची परवानगी घेणं योग्य. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, महाविद्यालयांची चित्रपट मंडळं आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते यांनी मिळून ‘हेक्सन’च्या पाट्या मराठीत आणि अहिराणीत आणल्या, तर शिरपूर-शहाद्याच्या आश्रमशाळेपासून जळगावच्या दिवाणखान्यापर्यंत तो बघता येईल.

शेवटी एक काम लगेच करण्याजोगं. खानदेशाच्या जत्रांमधून तंबूतले सिनेमे फिरले, लग्नकार्यांत ८ आणि १६ मिलिमीटरचे कॅमेरे चालले, जुन्या थिएटरांच्या केबिनमध्ये डबे मागे राहिले. अशा घरांत, गोदामांत पत्र्याचा डबा सापडला तर तो यंत्राला लावू नये, उन्हात किंवा ट्यूबजवळ उघडू नये. व्हिनेगरचा आंबूस वास आला तर ती नायट्रेटऐवजी वापरली जाणारी अॅसिटेटची फिल्म आहे आणि सडायला लागली आहे. तिला इतर रिळांपासून वेगळं ठेवावं, कारण तिची सड शेजारच्या रिळांना लागते. डबा खूप जुना असेल, फिल्म चिकट किंवा तपकिरी झाली असेल, तर ती नायट्रेट समजून घरापासून दूर, गार, कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी. डब्यावर लिहिलेलं नाव, चिठ्ठ्या, पावत्या यांचे फोटो काढावेत, आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांना कळवावं. नायट्रेट पोस्टाने किंवा एसटीने पाठवू नये, ते कसं न्यायचं हे त्यांनाच विचारावं. हे सगळं उन्हाळ्याच्या आत व्हायला हवं.